पांढऱ्यावर काळं

पांढरा रंग किती पांढरा असतो, हा प्रश्न सुखी माणसाला सहसा पडत नाही. तो एक तर धोब्याला पडतो, नाही तर उपवर मुलीच्या बापाला. मला तो पोटासाठी पडला. आयुष्यातली बरीच वर्षं मी दगडाचा पांढरेपणा मोजण्याचा पगार घेतला. लग्नकार्यात कोणी विचारलं, "आपण काय करता?" तर मी खरं तेच सांगत असे, "पांढरं मोजतो." समोरचा माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघायचा, मग हळूच पुढच्या पंगतीत जाऊन बसायचा.

आणि पांढरं मोजायला परमेश्वराने मला नेमावं कुठे? तर सिंधुदुर्गात! आमचा जिल्हा मूळचा तांबडा. माती तांबडी, रस्ते तांबडे, घराचे चिरे तांबडे, पावसाळ्यातली नदी तांबडी. एस.टी.तून उतरलेला चाकरमानीसुद्धा दोन मिनिटांत तांबडा. बुकानन नावाच्या स्कॉटिश साहेबाने मलबारात जांभा दगड पाहिला आणि 1807 साली लॅटिनमधल्या विटेवरून त्याला 'लॅटेराइट' असं नाव दिलं. तो चार दिवस आमच्याकडे आला असता आणि त्याचा सदरा आमच्या आईने धुतला असता, तर त्याने त्या दगडाला दुसरंच नाव दिलं असतं. ते लॅटिनमध्ये नसतं, एवढं नक्की. खाली रेडीला तर लोखंडाची खाणच आहे. थोडक्यात, ज्या लोखंडामुळे पांढऱ्याचा घात होतो, त्याच्या माहेरी बसून मी पांढरं मोजत होतो.

पण या तांबड्या जिल्ह्याच्या पोटात पांढरंही पुष्कळ आहे. कासार्ड्याची सिलिका वाळू आहे, चिनी माती आहे, कुडाळकडच्या कडावळ भागात अभ्रक आहे. अभ्रक आणि गारगोटी यांच्या संगतीत राहणारा तिसरा एक गृहस्थ म्हणजे फेल्स्पार. नाव परकी असलं तरी गृहस्थ घरचाच. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून जास्त भाग याच कुळातल्या दगडांचा आहे. आपण चहा पितो तो कप, हात धुतो ते बेसिन, पाय घसरतो ती फरशी, या सगळ्यांत तो असतो. त्याचं काम मोठं नमुनेदार आहे. भट्टीत तो बाकीच्यांच्या आधी वितळतो आणि माती व गारगोटी यांना घट्ट धरून ठेवतो. प्रत्येक लग्नघरात असा एक मामा असतो. विहिणींची धुसफूस सुरू झाली की पहिला तोच विरघळतो, आणि त्याच्या विरघळण्यावर बाकीचं कार्य उभं राहतं. फोटोत तो नसतो.

हाच फेल्स्पार हजारो वर्षं पाऊस खात पडून राहिला की कुजतो आणि त्याची चिनी माती होते. म्हणजे ज्या पावसाने आमच्या कातळातलं बाकी सगळं धुऊन नेऊन लोखंड मागे ठेवलं आणि तो तांबडा केला, त्याच पावसाने शेजारच्या दगडाची पांढरी माती केली. एकाच मास्तरांच्या हाताखालून एक कलेक्टर व्हावा आणि दुसरा मटक्याचे आकडे घ्यायला बसावा, तसंच हे. छडी दोघांनी एकच खाल्लेली. आत काय होतं, त्यावर रंग ठरला.

मी बी.एस्सी. झालो, मुंबईला न जाता कुडाळच्या बाजूच्या एका दगड दळण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा 1984 साल होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक वजनकाटा, एक लहान भट्टी आणि मी. त्यात दोन वर्षांनी ते यंत्र आलं. त्या दिवशी शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि यंत्राला कुंकू लावलं. पांढरेपणा मोजण्याच्या यंत्राला तांबडं कुंकू! मी ते कापसाने हळूच पुसलं, आणि पुढे वर्षभर धंदा मंद गेला तेव्हा त्याचं कारण शोधायला शेठना लांब जावं लागलं नाही.

यंत्राचं काम सोपं होतं. दगड दळायचा, चाळायचा, वाळवायचा, डबीत दाबून बसवायचा आणि यंत्राखाली ठेवायचा. वरून उजेड पडतो, त्यातला किती परत येतो ते यंत्र सांगतं. सगळा परत आला तर शंभर, काहीच आला नाही तर शून्य. पुढे दुसरं यंत्र आलं. ते नुसतं पांढरं सांगून थांबत नसे, तर पांढऱ्यातला पिवळेपणा किती, तांबडेपणा किती हेही वेगवेगळं सांगे. ही पद्धत प्रकाशशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1976 साली ठरवलेली आहे. आपल्याकडच्या बायका हळदीकुंकवाच्या समारंभात ती फार आधीपासून वापरत आल्या आहेत. "गोरी आहे हो, पण पिवळट गोरी," हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे. त्यात आकडा तेवढा नव्हता.

यंत्र आलं म्हटल्यावर सगळ्या गावाला आपलं पांढरं मोजून घ्यायची हौस आली. हेडक्लार्कनी घरचं तांदळाचं पीठ आणलं. शेठनी आपल्या धोतराचा सोगा यंत्राखाली धरला आणि आकडा पाहून धोबी बदलला. एका उपवर मुलीचे वडील दुपारच्या वेळी कोणी नसताना येऊन "हात ठेवला तर चालतो का हो?" असं विचारून गेले. त्यांचा हात मी मोजला नाही. पण ते गेल्यावर माझा मोजला. आलेला आकडा मी तेव्हा कोणाला सांगितला नाही आणि आजही सांगणार नाही.

माझे मामा मात्र यंत्रावर मुळीच भाळले नाहीत. ते म्हणाले, "अरे, तू बी.एस्सी. झालंस आणि दगड पांढरो की काळो तां मशिनीक इचारतंस? माका इचार."

मी मामांना शास्त्र समजावून सांगितलं. डोळा फसतो, यंत्र फसत नाही. उदाहरणार्थ नीळ. जुना सदरा पिवळट झाला की आपण त्याला नीळ देतो आणि तो पांढराशुभ्र दिसतो. खरं म्हणजे निळीने सदऱ्यावरून परत येणारा उजेड वाढत नाही, उलट कमी होतो. सदरा जास्त काळा होतो आणि जास्त पांढरा दिसतो. चिनी मातीच्या भांड्यांतही पिवळेपणा झाकायला कोबाल्टची चिमूट टाकतात. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे तुमचां यंत्र काय सांगतां? होवचां पांढरां की दिसाचां पांढरां?"

मामा तलाठी होते. पण हा प्रश्न त्यांनी ऋषीसारखा विचारला.

कारण यंत्र फसत नाही, हे मी मामांना ठणकावून सांगितलं असलं तरी खरं नव्हतं. तोच दगड जास्त बारीक दळला की आकडा चढतो. तोच ओलसर राहिला की उतरतो. म्हणजे दगडाचा गुण किती आणि दळणाऱ्याचा किती, हे दळणाऱ्यालाच ठाऊक. त्याहून मोठी गोम वेगळीच. दगडाचा कच्चा रंग आणि भाजलेला रंग यांचा एकमेकांशी भरवसा नसतो. दिसायला गुलाबी दगड भट्टीतून कित्येकदा पांढरा होऊन बाहेर येतो. आणि दिसायला दुधासारखा दगड, ज्याच्यात काळ्या अभ्रकाचे चार कण लपलेले आहेत, तो भाजला की अंगावर काळे-तपकिरी ठिपके घेऊन येतो. हजारात दोन-तीन भाग लोह असलं तरी पांढऱ्याला पिवळट झाक यायला पुरतं. म्हणून आम्ही दगडाच्या भुकटीची सुपारीएवढी गोळी करून बाराशे अंशांच्या वर भाजत असू, आणि तिचा रंग हाच खरा रंग धरत असू. थंड असताना सगळेच सज्जन असतात. माणसाचा रंगसुद्धा तापल्यावर बघावा, असं मी तेव्हा मित्रांना ऐटीत सांगत असे. माझी स्वतःची गोळी अजून भट्टीत जायची होती.

ती गेली 1988 च्या उन्हाळ्यात.

आमच्याकडे दगड निवडायचं काम बायका करत. एका लांब मांडवात त्या ओळीने बसत. पुढ्यात दगडाचा ढीग, हातात लहान हातोडी. दगड फिरवून बघायचा, अभ्रकाची काळी शीर दिसली की तेवढा तुकडा उडवायचा, पांढरं एका बाजूला, काळं दुसऱ्या बाजूला. त्यांच्यात एक मावशी होती. तिची नजर अशी, की तिने निवडलेल्या दगडाची गोळी मी भाजली तर ठिपका सापडत नसे. मी एकदा तिला विचारलं, तुला आतलं काळं बाहेरून कसं कळतं? ती म्हणाली, "हातात घेतल्यार कळतां." शास्त्रीय दृष्ट्या हे उत्तर अपुरं होतं, म्हणून मी ते वहीत लिहिलं नाही.

त्या वर्षी एका लांबच्या कारखान्याची मोठी ऑर्डर आली. बेसिनं करणारा कारखाना. त्यांनी आधी नमुना मागितला. आता नमुना घ्यायचं एक शास्त्र आहे. ढिगाच्या वरून, खालून, मधून, कडेने फावडंभर दगड घ्यायचा, फोडून एकत्र करून शंकूसारखा ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत ट्रकभर दगड मूठभर होतो आणि तरी त्या मुठीत सगळा ट्रक असतो. लोकशाहीपेक्षा ही पद्धत जास्त न्यायाची आहे. इथे कोणाला तिकीट मागावं लागत नाही.

शेठनी नमुना रुमालात बांधून आणला. रुमाल सोडल्याबरोबर खोलीत उजेड पडला. सगळे मावशीच्या हातचे दगड, त्यातूनही वेचलेले. "मोजा," शेठ म्हणाले. मी मोजले. आकडा उत्तम आला. गोळी भाजली. शुभ्र आली. दाखल्यावर मी तोच आकडा लिहिला, सही केली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आकडा खरा, सही खरी, दगड खरा. खोटा होता तो फक्त रुमाल, आणि दाखल्यात रुमालाचा रकाना नव्हता.

इथेच माझा प्रश्न आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो पुरता सुटलेला नाही. खोट्या नमुन्याचं खरं माप देणारा माणूस खोटं बोलतो का? तेव्हा मी मनाची समजूत घातली, की अख्खं जग नमुन्यावरच चाललं आहे. स्थळाला पाठवायचा फोटो रुमालातलाच असतो. नोकरीच्या अर्जात आपण लिहितो ते रुमालातलंच. पाहुणे आले की घरात जे शांत, समंजस, एकमेकांना 'अहो-जाहो' करणारं कुटुंब दिसतं, तेही रुमालातलंच. मग माझ्या एकट्याच्याच सहीने असं काय बिघडणार होतं?

बिघडलं ते असं. मिरगाच्या आत ट्रक गेले पाहिजेत म्हणून शेठनी घाई केली. पाऊस लागला की खाण बंद. रात्री बत्तीच्या उजेडात खाणीवरचा दगड मांडवाकडे न येता सरळ ट्रकात भरला जात होता. मी ते माझ्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. पंधरा दिवसांनी तिकडून पत्र आलं आणि पत्राबरोबर बेसिनाचा एक फुटका तुकडा आला. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. एखाद्याला नुकत्याच देवी येऊन गेल्यासारखा तो दिसत होता. माल परत, पैसे बंद.

शेठ तो तुकडा हातात घेऊन मांडवात गेले. मागे मी. सगळ्या बायका हातोड्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "निवडायचे पैसे घेता आणि हे असं निवडता?" आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो केमिस्ट, निवडणीतच चूक आहे ना?"

मी म्हणालो, "तसं म्हणता येईल."

तीन शब्द. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढंच खोटं बोललो. तेही नीट खोटं नाही, नीळ दिलेलं. लेखी तर नव्हतंच. सहा बायकांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं, त्यांत मावशी होती.

संध्याकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी आली. आत आली नाही. चपला तांबड्या होतात म्हणून आम्हीच दारावर पाटी लावली होती आणि तिला ती वाचता येत नसली तरी ती पाळायची कशी हे ठाऊक होतं. ओच्यात चार दगड होते. म्हणाली, "सायबानु, मशिनीत आमचे दगड घालून बघा. काळां दिसलां तर कामार घेव नकात." मी दगड घेतले. ती गेल्यावर दळले, मोजले, रात्रभर भट्टी चालू ठेवून गोळी भाजली. सकाळी गोळी बाहेर काढली. ठिपका नव्हता. मी ती गोळी खिशात घालून शेठच्या खोलीपर्यंत गेलो. शेठ फोनवर होते. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि परत आलो. आता तुम्ही म्हणाल, फोन संपल्यावर जायचं. हो. तेच म्हणतो मीही. गेली कित्येक वर्षं रोज म्हणतो.

त्याच आठवड्यात मला एक गोष्ट सापडली. यंत्र रोज सुरू करताना एका पांढऱ्या टाइलवर लावून घ्यावं लागतं. टाइलचा आकडा तिच्या दाखल्यावर लिहिलेला असतो. यंत्राला सांगायचं, ही एवढी पांढरी आहे, आता बाकीच्यांना हिच्याशी ताडून बघ. मी सहज टाइल ओल्या कापसाने पुसली तर कापूस तांबूस झाला. कातळावरची धूळ. किती महिन्यांपासून तिच्यावर ती पातळ बसली होती कोण जाणे. गंमत अशी, की टाइल मळली की यंत्राला काही कळत नाही. ते मळलेल्या टाइललाच शुभ्र समजतं आणि मग बाकीचे सगळे दगड थोडे थोडे जास्त पांढरे दाखवायला लागतं. आपलं माप मळलं की जग उजळ दिसतं. त्या मे महिन्यात मला माझं वागणं फारसं वाईट का दिसत नव्हतं, ते मला त्या कापसाच्या बोळ्यावर दिसलं.

या टाइलच्याही मागे आणखी एक टाइल असते, तिच्या मागे आणखी एक. सगळ्यांच्या शेवटी काय असतं? पूर्वी मॅग्नेशियम जाळून त्याचा पांढरा धूर काचेवर धरत आणि त्याला शंभर मानत. पण तोही काही दिवसांनी पिवळट पडे. तेव्हा 1969 पासून शास्त्रज्ञांनी ठरवून टाकलं, की खरं शंभर म्हणजे पडलेला सगळा उजेड जसाच्या तसा परत देणारा एक पृष्ठभाग. तो कुठे मिळतो? कुठेच नाही. तो अस्तित्वातच नाही. सगळ्या जगातलं पांढरं एका नसलेल्या पांढऱ्याशी ताडून मोजलं जातं. मी ही हकीकत मामांना सांगितली. वाटलं, ते हसतील. ते म्हणाले, "आमचो रामेश्वर तरी कोणी बघलोहा? पण गाऱ्हाणां घालताना खोटा बोलूक जीभ वळणा नाय." आणि पानाला चुना लावायला लागले.

त्यांना मी मांडवातली गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. कोणालाच सांगितली नव्हती.

मावशी मला पुन्हा भेटली ती पंधरा वर्षांनी, आठवडा बाजारात. पुढ्यात कुळीथ आणि कोकमं मांडून बसली होती. मी ओळखलं आणि दुसऱ्या ओळीत शिरायचा विचार करत होतो, तेवढ्यात तिनेच हाक मारली. "सायबानु, ती मशीन आजून आसा?"

"आसा," मी म्हटलं. "नवीन इली."

"बरी आसा मां?"

एवढंच. मला वाटलं होतं, ती काही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मी दोन मापटी कुळीथ मागितले. तिने मापटं भरलं, त्यावर शीग लावली, शीग ढळेपर्यंत वर आणखी मूठभर घातले आणि मग पिशवीत ओतले. दुसरंही तसंच. शेजारणीने काठावर हात फिरवून माप सपाट केलं होतं, ते मी नुकतंच पाहिलं होतं. मी म्हटलं, "मावशे, माप जास्त होतंय." ती म्हणाली, "होव दे. मापाक कमी पडाक नये."

मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं, की त्या रात्री तुझी गोळी मी भाजली होती आणि तिच्यावर एकही ठिपका नव्हता. ओठांपर्यंत आलं होतं. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं, एस.टी.ची वेळ झाली होती, आणि असल्या वेळी कारणं मला नेहमीच शीग लावून मिळतात.

ती गोळी माझ्याकडे अजून आहे. टेबलाच्या खणात, डाक तिकिटांच्या डबीत. नातवंडं विचारतात, "आजोबा, ही कसली गोळी?" मी सांगतो, मोजायची आहे. मध्ये एकदा सौ.ने खण आवरताना ती फेकायला काढली होती. म्हणाली, "काय हे दगडधोंडे जपून ठेवता, सगळं पिवळं पडलंय." मी चष्मा पुसून बघितलं. पिवळी पडली नव्हती. चष्मा पुसायचा राहिला होता, तो तिचा.

लेखी कुठे काही नव्हतं, म्हणून सगळं निभावून गेलं. ते पांढऱ्यावर काळं आज केलं. सही खाली आहेच. या वेळी नमुना ढिगाच्या खालून घेतला आहे.